मुरलीअण्णांचा खटाक

मुरलीअण्णा पहिल्यांदा आमच्या दारात आले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणात उभ्या असलेल्या म्हशीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचा कुठला कान चांगला? डावा का उजवा?"

मी गणिताचा मास्तर. नारायणगावच्या शाळेत सत्तावीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आलोय, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वारूळवाडीत नव्या घरात राहायला येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते आणि म्हैस आमची नव्हतीच. ती प्लॉटच्या आधीच्या मालकाची. जागा विकल्याचं तिला कोणी सांगितलं नसावं, त्यामुळे रोज संध्याकाळी ती आपल्या जुन्या जागी येऊन उभी राहायची. स्कूटरचा हॉर्न कितीही वाजवला तरी हलायची नाही. हे सगळं मी अण्णांना सांगितलं.

"मालकाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कान बगा फक्त."

त्यांच्या छातीवर एक काळा जाडजूड कॅमेरा लोंबत होता. तो त्यांनी डोळ्याला लावला. खटाक! आवाज असा झाला की मला वाटलं, आत काहीतरी तुटलं. म्हशीनं दोन्ही कान टवकारले, मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणीतरी नीट हाक मारली, अशा चेहऱ्यानं अण्णांकडे पाहिलं. पुन्हा खटाक.

"आले," अण्णा म्हणाले आणि निघून गेले.

तीन दिवसांनी फोटो आला, चांगला मोठा, लाकडी चौकटीत बसवलेला. म्हशीला फोटोचं आणि मालकाला म्हशीचं काही नव्हतं, त्यामुळे तो आमच्याच बैठकीत लागला. शेजारी आमच्या लग्नाचा फोटो. पाहुणे आले की म्हशीकडे बघून "काय जिवंत आलाय हो!" म्हणायचे आणि मग आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघून विषय बदलायचे. शेवटी बायकोनं लग्नाचा फोटो आतल्या खोलीत नेला.

अण्णा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. जुन्नर आणि आंबेगाव, या दोन तालुक्यांत मिळून तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर. लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची, खूर बघायचे.

"तीस वर्षं सुई घिऊन गेलो, गुर्जी," ते मला एकदा म्हणाले. "माझी फटफटी चढाला दिसली की गावातलं जनावर दावं तोडायला बघायचं. येवढ्या गोठ्यांत शिरलो, पण एका गाईनं कधी मला बघून कान टवकारले न्हाईत. पाडायच्या. मग म्हटलं, रिटायर झाल्यावर जरा चांगल्या कामासाठी जाऊ."

हे चांगलं काम म्हणजे जनावरांचे फोटो. माणसांचे ते काढत नाहीत. माणसांसाठी मोबाइल आहेत म्हणतात. फोटो काढायचा तर पाठीवरची झूल उतरवायची, शिंगांचे गोंडे काढायचे, गुलाल पुसायचा. "नवरी बघाया आलोय का मी? जनावर दाखवा." एका बैलगाडा मालकानं एकदा फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन बैलाशेजारी उभं राहायचा हट्ट धरला. अण्णांनी मुकाट्यानं फोटो काढला. फ्रेम घरी आली, त्यात बैल अख्खा आणि मालकाचा हात कोपरापर्यंत.

"अण्णा, मी कुठाय?" मालक तणतणत आला.

"तुमचे कान पडले व्हते," अण्णा म्हणाले.

ही त्यांची कसोटी. ज्याचे कान पडले त्याचा फोटो नाही. आणि ती माणसांनाही लागू. कुणाच्याही लग्नाचा अल्बम हातात दिला की दोन पानं उलटून ते म्हणणार, "नवरदेवाचे कान पडलेत. तब्येत दाखवून घ्या." सकाळी मी शाळेला निघालो की कुंपणावरून आवाज येतो, "काय गुर्जी, आज कान पडले?" आणि नेमके त्या दिवशी माझ्या पिशवीत नववीचे तपासायचे पेपर असतात.

आमच्याकडे उसात बिबट्या दिसणं म्हणजे रोजचंच. दिसला की लोक अण्णांना फोन करतात, कॅमेरा घेऊन या म्हणतात. अण्णा विचारतात, "त्यानं बोलावलंय का?" नाही म्हटलं की फोन ठेवतात.

आता त्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. तो चौदा वर्षांचा. हाताच्या पकडीचं रबर सुटलं होतं ते अण्णांनी पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलंय. पट्टा तुटला तेव्हा चांभाराकडून निवारीचा पट्टा शिवून घेतला. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून तो फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. त्यावरून मालतीवहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, चार महिने धुसफुसत असतात. "भावजी, भात लावायचा तर आधी हे बाळ उचलायचं, मग तांदूळ घ्यायचे." एकदा भिंगावरचं टोपण फडक्यातून निसटून तांदळात राहिलं आणि तांदळाबरोबर कुकरात गेलं. तीन शिट्ट्या झाल्यावर बाहेर आलं, ते पुरीसारखं फुगून. तेव्हापासून भिंगाला मलमाच्या डबीचं झाकण बसवलंय.

तर मागच्या दिवाळीत अण्णांचा मुलगा मकरंद आला होता. एकुलता एक. माझाच विद्यार्थी, भूमितीत हुशार. आता बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चार दिवस राहिला आणि निघताना बूट घालता घालता म्हणाला, "अण्णा, हा डबा आता बास झाला. नवीन कॅमेरा घेऊ. हल्ली आतल्या आरशाशिवायचे येतात, हलके असतात, सगळं आपोआप करतात. तुम्ही पसंत करा, मी घेतो."

मी तिथंच उभा होतो. अण्णांचे कान मी त्या दिवशी पडलेले पाहिले.

मकरंद गेला आणि अण्णांचा जाच सुरू झाला. घ्यावा का न घ्यावा? दिसेल त्याला विचारायला लागले. डेअरीचे सेक्रेटरी म्हणाले, पोरगा देतोय तर घ्या, डोळे झाकून घ्या. टोमॅटोच्या मार्केटात एक आडते म्हणाले, कॅमेरा कशाला, भारीतला मोबाइल घ्या, वर बोलताबी येतंय. न्हाव्यानं दाढी अर्धी ठेवून पंधरा मिनिटं विचार केला आणि म्हणाला, नवा घ्या पण जुना टाकू नका. अण्णा म्हणाले, "हे तर मलाबी कळतं. आधी दाढी पुरी कर." मालतीवहिनींची अट एकच होती. तांदळाच्या डब्यात न मावणारा घ्या.

शेवटी ते माझ्याकडे आले. मला कॅमेऱ्यातलं शून्य कळतं, पण मास्तर असल्यामुळे कळत नाही असं म्हणता येत नाही. मी म्हटलं, "अण्णा, प्रयोग करू. नवा कॅमेरा एकदा वापरून बघा, मग ठरवा."

नारायणगावात किशोर म्हणून लग्नाचे फोटो काढणारा एक जण आहे. त्याच्याकडे तसला नवा कॅमेरा आहे. लग्नाची तिथी नसलेला एक बुधवार बघून आम्ही तिघं त्याच्या गाडीतून निघालो. मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या मागच्या एका वाडीत चिमाबाईंकडे गेलो. चिमाबाई सत्तरीच्या. डोंगरउतारावर भाताची चार खाचरं, दारात एक गाय आणि हरण्या नावाचा डांगी बैल, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, स्वभावानं अगदी संन्यासी. भात झोडून झालं होतं. हरण्या पेंढ्याच्या उडवीजवळ बसला होता.

"डागदर आले का!" चिमाबाई म्हणाल्या. "आन हे पावणं कोण?"

"हे किशोर. नव्या कॅमेऱ्यानं हरण्याचा फोटो काढनार. आन हे गुर्जी. हे नुसतंच आलेत."

हरण्याला उठवलं. किशोरनं कॅमेरा लावला. मागच्या पडद्यावर एक हिरवा चौकोन आपोआप बैलाच्या डोळ्यावर जाऊन बसला. बैल हलला, चौकोन हलला. अण्णा वाकून बघत होते.

"आयला!" ते म्हणाले. "डोळा वळखतंय की हे!"

"मग! जनावराचाही ओळखतो, अण्णा." किशोर खूश झाला. त्यानं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे फोटो निघाला, पण आवाज नाही. हरण्या रवंथ करत राहिला.

"काडला?" चिमाबाईंनी विचारलं.

"काढला, मावशी. दहा काढले."

"कंदी?"

किशोरनं कुठंतरी चाचपून आवाज चालू केला. आता बारीक टिक्‌ टिक्‌ व्हायला लागलं. हरण्यानं शेपटीनं एक माशी उडवली. किशोरनं शीळ घातली, चुटक्या वाजवल्या, रुमाल हलवला. हरण्यानं डोळे मिटून घेतले.

"ह्यो आवाज न्हवं," अण्णा म्हणाले. "उंदीर दाणा फोडतोय. बैल कशाला बघंल? आन किशोर, तुझं माप आभाळावरनं चाललंय. बैल काळा येनार. एक घर वर घे. आन हितं सावलीला ये, त्याच्या डोळ्यात उजेड पडू दे."

किशोरनं तसं केलं. पुढचा फोटो एकदम उघडला. "अण्णा, तुम्ही क्लास काढा राव," तो म्हणाला. "मला आठ वर्षं झाली, मी अजून हे अंदाजानं करतो."

फोटो सुरेख होता. पापणीचा केस अन् केस दिसत होता. अण्णांनी बराच वेळ बघितला आणि कॅमेरा परत दिला. "डोळा आला. कान न्हाई आले."

मग त्यांनी आपला डबा काढला. मलमाचं झाकण काढून खिशात टाकलं. खटाक!

हरण्याचे डोळे उघडले. कान उभे. मान तिरकी. पुन्हा खटाक.

"आत्ता बगितलं त्यानं," चिमाबाई समाधानानं म्हणाल्या. जाताना त्या अण्णांना म्हणाल्या, गाय महिन्याभरात व्यायची आहे, निरोप धाडते, वासराचा फोटो तुमीच काढायचा.

मला वाटलं, प्रश्न सुटला. परतताना किशोर घोडेगावात कुणाकडे तरी पाच मिनिटं उतरला तेव्हा मी म्हटलं, "मग काय, जुनाच ठेवायचा." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. चेहरा असा, की प्रयोग फसलाय.

"ठेवायचाच हाय वो, गुर्जी. पर त्याला सांगायचं कसं?"

"सरळ सांगा. नव्याला आवाज नाही म्हणून."

ते मंचर येईपर्यंत निवारीचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले.

त्या रविवारी संध्याकाळी मला मकरंदचा फोन आला.

"सर, जरा अण्णांना समजवा ना. नवीन कॅमेऱ्याचं काही बोलतच नाहीत. इथं दर रविवारी त्यांचा फोन असतो, सर. आज म्हणे फोकस बसत नाही. मागच्या रविवारी कार्ड घेत नव्हता. त्याच्या आधी फोटो पुसायचा कसा हे मी त्यांना पंचवीस मिनिटं सांगत होतो. आणि उजेड कमी-जास्त कुठून करायचा हे तर मी गेल्या चार वर्षांत तीसेक वेळा सांगितलं असेल. फार त्रास होतो हो त्यांना त्या डब्याचा. मला इथं बसून वाईट वाटतं."

 उजेड कमी-जास्त कुठून करायचा हे विचारणारा माणूस आणि बुधवारी डिंभ्यामागं किशोरला 'एक घर वर घे' सांगणारा माणूस, हे दोन्ही एकच. गणित मांडायला मला फार वेळ लागला नाही. उत्तर आलं, पण ते मोठ्यानं सांगावंसं वाटेना.

"बघतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते ब्रशनं कॅमेरा झाडत होते. मी म्हटलं, "अण्णा, मकरंदचा फोन आला होता. फोकस बसत नाही म्हणे."

ब्रश थांबला. घरात वहिनी नाहीत हे त्यांनी एकदा वळून बघितलं.

"सांगितलं त्याला?"

"काय सांगू?"

"की मला येतं म्हनून."

"नाही."

त्यांनी श्वास सोडला. मग कॅमेऱ्याकडे बघतच बोलायला लागले. कॅमेरा मुळात मकरंदचाच होता. इंजिनिअरिंगला असताना हट्टानं घेतला, सहा महिने मिरवला आणि नोकरी लागल्यावर कपाटावर टाकून गेला. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो खाली काढला. चालू कसा करायचा ते कळेना म्हणून फोन केला.

"अर्धा तास बोलला, गुर्जी," ते म्हणाले. "हे बटन दाबा, ते फिरवा, आता काय दिसतं, आता काय दिसतं. ल्हानपनी शाळेतनं आला की असंच सांगत सुटायचा. तवापासनं मोठा झाला आन बोलनं बंद पडलं. भांडन न्हाई, काय न्हाई. आईसंगं तासभर बोलतो. मी फोन घेतला की, 'बरंय ना?' 'बरंय.' 'पाऊस?' 'पडला.' संपलं. त्याच्या कामातलं मला कळत न्हाई, गाईगुरांचं त्याला काय सांगू? ह्यो येकच इषय सापडला. मग मी बसून सगळं शिकलो. पर शिकलो म्हनून सांगितलं न्हाई."

"आणि तो बिचारा समजला, कॅमेरा बिघडलाय."

"त्येच तर! मी रडगानं गात गेलो, त्यानं खरं धरलं. आता म्हनतो, सगळं आपोआप करनारा घेऊ. सगळं आपोआप व्हाया लागलं तर मी फोन कशापायी करू? आन येतं म्हनून सांगितलं, तर चार वर्षं खोटं बोललो असं व्हतं."

आमच्या शेतकऱ्यांच्या, मास्तरांच्या, खात्यातल्या माणसांच्या घरांतून बापलेकांचं बोलणं किती असतं, हे मला काही कोणी सांगायला नको होतं. माझे वडील मला स्टँडवर सोडायला यायचे आणि एसटी सुटेपर्यंत दोघंही एसटीच्या टायरकडे बघत उभे असायचो. मी अण्णांना कसलाही सल्ला दिला नाही. घरी येऊन मकरंदला एवढंच कळवलं, 'फोनवर ठरायचं नाही. एकदा ये आणि समोर बसून ठरव.'

तो तिसऱ्या आठवड्यात शनिवारी आला. पुण्याला विमानातून उतरून भाड्याची गाडी घेऊन. गाडीत मागच्या सीटवर एक पांढरं खोकं होतं, नव्या कोऱ्या कॅमेऱ्याचं. पसंत होईना म्हणून त्यानंच एक घेऊन टाकला होता. अण्णांनी खोकं बघितलं आणि "बरं केलं" म्हणाले. घसा खाकरून परत एकदा म्हणाले.

खोकं उघडायच्या आत अण्णांचा फोन वाजला. चिमाबाईंचा पुतण्या. गाय आत्ताच व्याली, कालवड झाली, काकी म्हणते डागदरला बोलवा, चीक काढून ठेवतो.

"चला की मग," मकरंद म्हणाला. "नवीन कॅमेऱ्याचा पहिला फोटो तिथंच काढू. सर, तुम्ही पण चला."

मला जायचं नव्हतं. पण अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घातल्या.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कालवड गोठ्याच्या दारात, अजून नीट उभी राहता येत नव्हतं, चार पाय चार दिशांना. मागं उन्हानं पेटलेलं अंगण. मकरंद खोक्यातून कॅमेरा काढून त्याच्या कागदात डोकं घालून बसला. बॅटरी लागत होती, भिंग बसत नव्हतं, मग कॅमेराच भाषा कुठली हे विचारायला लागला. तेवढ्यात गाय हंबरली, कालवड पहिल्यांदा धडपडत उभी राहिली आणि अण्णा सगळं विसरले.

मी त्यांची बोटं बघत होतो. मकरंद फोकसचं बटण ज्या माणसाला दर रविवारी सांगत होता, त्या माणसानं कॅमेऱ्याकडे न बघता झाकण काढलं, अंगठ्यानं चाक दोन घरं फिरवलं, कालवडीच्या पाठीवर नेम धरून उजेड मोजला, तिथंच बटण दाबून धरलं, कॅमेरा सरकवला, गुडघ्यावर बसला. हे सगळं एका श्वासात. खटाक!

कालवडीचे कान, अजून ओले, दोन पानांसारखे वर आले. जगात आल्यावर हा तिनं ऐकलेला पहिलाच आवाज असावा, अशी ती बघत राहिली. पुन्हा खटाक.

"आले," अण्णा म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं की पाठीमागे मकरंद आहे.

मी मागं वळून बघितलं. मकरंद हातातला कागद खाली ठेवून बापाच्या हातांकडे बघत होता. तो उठून आला, जुन्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं फोटो बघितला. पाठीमागे एवढं ऊन, तरी कालवडीचा डोळा, ओलं नाक, सगळं लख्ख.  नवा कॅमेरा त्यानं परत खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

चिमाबाईंनी चिकाची किटली दिली. ती मांडीवर घेऊन मी मागे बसलो, पुढे बापलेक. घोडेगावपर्यंत अण्णा समोरच्या काचेतून बघत होते, शाळेत हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभं राहिल्यासारखे. मी मनात परीक्षेचे दिवस मोजत होतो.

घोडेगाव सोडल्यावर मकरंद म्हणाला, "अण्णा, मागं एवढं ऊन होतं. वासरू काळं पडलं नाही. कसं केलंत?"

"आपोआप झालं आसंल," अण्णा पुटपुटले.

"आपोआप नाही होत. मी बघितलं ना. सांगा."

"तुला ठाव असंल की."

"नाही," मकरंद म्हणाला. रस्त्यावरची नजर त्यानं काढली नाही. "मला यातलं काही येत नाही, अण्णा. जे येत होतं ते केव्हाच विसरलो. तुमचा फोन आला की मी त्या कॅमेऱ्याचं जुनं माहितीपुस्तक कॉम्प्युटरवर उघडायचो आणि त्यातलं वाचून दाखवायचो. शनिवारी एकदा चाळून ठेवायचो. तुम्ही काय विचाराल सांगता येत नाही ना."

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.  मग त्यांच्या छातीतून कसलातरी आवाज आला. मला वाटलं खोकताहेत. हसत होते.

"म्हंजे मी येत असून इचारत व्हतो, आन तू येत नसून सांगत व्हता?"

"असंच दिसतंय," मकरंद म्हणाला आणि तोही हसायला लागला. गाडी एवढी हलायला लागली की मी किटलीचं झाकण दाबून धरलं.

"नवा परत दिऊन टाक," अण्णा डोळे पुसत म्हणाले.

"देतो. आहे तोच बरा आहे. आता सांगा, उजेड कुठं मोजलात?"

"वासराच्या पाठीवर. आभाळावर न्हाई मोजायचा. आभाळ काय, कसंबी दिसतं. ज्याचा फोटो काढायचा, त्याच्या अंगावरचा उजेड मोजायचा आन तिथंच धरून ठेवायचा. हे बग, ह्या बोटानं..." आणि त्यांनी निवारीच्या पट्ट्यासकट कॅमेरा उचलून स्टिअरिंगसमोर धरला.

"अण्णा, गाडी चालवतोय!"

"मग कानानं ऐक."

मंचर गेलं, हायवे लागला. अण्णा सांगत होते, सांगता सांगता चार वर्षांतली जनावरं निघाली, कुठली गाय कॅमेऱ्याला लाजायची, कुठला बैल पहिल्या खटाकला पाठ फिरवायचा. मकरंद प्रश्नावर प्रश्न विचारत होता, मध्येच आपल्या ऑफिसातल्या एका साहेबाचं सांगायला लागला, ज्याचे कान कायम पडलेले असतात, आणि अण्णा त्याला कोणता आजार असेल त्याचा विचार करायला लागले. मी पाठीमागे डोळे मिटून झोपल्यासारखा बसलो होतो.

नारायणगावात वळायचा फाटा आला. मी डोळे किलकिले केले होते, पाटी स्वच्छ वाचली. सत्तावीस वर्षं लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवत आलोय, त्यामुळे तोंड आपोआप उघडलं होतं. ते मी मिटून घेतलं. गाडी सरळ पुढे गेली. मी बाहेर द्राक्षांच्या बागा बघत बसलो.

आळेफाट्याचे ट्रक दिसायला लागले तेव्हा माझा फोन वाजला. मालतीवहिनी होत्या.

"भावजी, आहात कुठं तुम्ही सगळे? ह्यांना फोन लावतेय तर उचलत न्हाईत. खरवसाला गूळ किसून बसलेय मी."

"आलोच, वहिनी," मी म्हणालो. "अर्ध्या तासात पोचतो."

मकरंदनं मान किंचित मागे वळवली.

"एक तास सांगा, सर," तो हळूच म्हणाला.